शिकविलेला कुत्रा आणि रानातली गुरे

सायंकाळची वेळ होती. गावाबाहेरच्या गायरानातून मी आमच्या मोत्यासह घराकडे परतत होतो. मोत्या मोठा आज्ञाधारक. 'बैस' म्हटले की बसावे, 'चल' म्हटले की पायाशी चालावे आणि समोरून मांजर गेले तरी मालकाच्या तोंडाकडे पाहावे, अशी त्याची ख्याती होती. खरे सांगावयाचे तर त्या ख्यातीचा मला थोडा गर्वच होता.

वाटेच्या कडेला उंच गवतात नुकतेच जन्मलेले एक वासरू अंग दुमडून पडले होते. ते मला दिसलेच नाही. मोत्याला मात्र त्याचा वास आला असावा. त्याने नाक पुढे केले मात्र, तोच पंचवीस-तीस पावलांवर चरत असलेल्या गाईने मान वर केली, कान आमच्याकडे रोखले आणि शिंगे खाली घालून ती आमच्या रोखाने धावत सुटली. मी दोरी हाताला अधिकच घट्ट गुंडाळली. मोत्या माझ्या पायांत शिरला. इतक्यात लांबून गुराखी ओरडला, "गुरुजी, दोरी सोडा! आधी कुत्र्याला सोडा!"

मी दोरी सोडली. मोत्या बाणासारखा पळाला. गाय माझ्यापासून हातभर अंतरावरून गेली, पण तिने माझ्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. मोत्याला बांधापलीकडे पिटाळून ती परतली आणि वासराला चाटू लागली.

मोत्याचे काय चुकले होते? काहीच नाही. तो भुंकला नाही की धावला नाही. चूक माझी होती. कुत्रा शिकलेला असला म्हणजे झाले, अशा समजुतीत मी होतो. पण कुत्र्याचे हे शिक्षण गाईला कसे ठाऊक असणार?

कुत्रा हा लांडग्यांच्या वंशातला प्राणी. मनुष्याने त्याला माणसाळविले त्याला चौदा हजार वर्षे तरी लोटली. परंतु चार पायांवर, गवत हुंगत येणारा असा प्राणी पाहिला की गाईच्या मनात जुने भय जागे होते. तुम्ही म्हणाल, आमच्या गोठ्यात तर कुत्रा गाईशेजारी निजतो! खरे आहे. पण ती ओळख त्या एकाच कुत्र्यापुरती असते. परक्या कुत्र्याला तिचा लाभ मिळत नाही. त्यातून गाय नुकतीच व्यालेली असली तर विचारूच नका. पुष्कळदा ती वासराला गवतात दडवून स्वतः दूर चरत असते. म्हणून वासरू दिसत नाही म्हणजे ते तेथे नाहीच, असे समजू नये.

गाईचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्यामुळे मान न वळविता तिला आपल्या भोवतालचे जवळजवळ सर्व दिसते. दिसत नाही ते नेमके पाठीमागचे. तेथून कोणी अचानक जवळ आले की ती दचकते. याकरिता गुरांच्या मागून न जाता, त्यांना आपण दिसू अशा रीतीने बाजूने आणि सावकाश जावे. प्रत्येक जनावराभोवती एक अदृश्य रिंगण असते असे समजा. त्याच्या बाहेर तुम्ही असाल तोवर ते नुसते पाहते. आत पाऊल टाकले की ते एक तर दूर सरते, नाही तर सामोरे येते. चरणे थांबवून सारा कळप तुमच्याकडे पाहू लागला, एखादे जनावर फुसकारू लागले किंवा पुढच्या पायाने माती उकरू लागले, तर रिंगण ओलांडले गेले असे जाणावे व कुत्र्याला घेऊन हळूहळू मागे फिरावे. वाट लांबली तरी चालेल. कळपाच्या मधून आणि गाय-वासराच्या मधून तर कधीच जाऊ नये.

मग दोरी धरावयाची की सोडावयाची? गुरे शांत आहेत तोवर ती हातातच हवी, आणि आखूड हवी. पळणाऱ्या जनावरामागे धावणे कुत्र्याच्या रक्तातच आहे. त्या क्षणी 'बैस' हा शब्द त्याच्या कानावर पडेलच, याची खात्री कोणी देऊ नये. इंग्लंड व वेल्स येथे २००० सालच्या एका कायद्याने, ज्या मोकळ्या माळरानांवर फिरण्याचा हक्क लोकांना मिळाला, तेथे गुराढोरांजवळ कुत्र्याची दोरी दोन मीटरांहून लांब असता कामा नये, असा दंडक घातला. पण गाय अंगावर धावून आलीच, तर मात्र दोरी तत्काळ सोडावी, असे तेथील सरकारी सूचनाही सांगतात. आमच्या गुराख्याने त्या सूचना वाचल्या नव्हत्या. त्याला गाय ठाऊक होती. तिचा रोख कुत्र्यावर असतो. कुत्रा गाईहून चपळ असल्यामुळे निसटतो. त्याला धरून उभा राहिलेला मनुष्य मात्र शिंगांच्या वाटेत सापडतो.

मेंढ्यांची गोष्ट निराळी. त्या बहुधा अंगावर येत नाहीत, पळतात. आणि त्यांचे पळणेच घातक ठरते. भ्यालेल्या मेंढ्या एकमेकींवर चढून गुदमरतात, गाभण मेंढीचा गर्भ पडतो. कुत्र्याने दात लावला नाही, तो नुसता खेळत होता, हे सांगून धनगराचे नुकसान भरून निघत नाही. कुत्र्याची विष्ठाही चराईच्या गवतात राहू देऊ नये; तिच्यातून गुरांना गर्भपाताचे रोग होऊ शकतात.

दिवाळीच्या सुमारास देशावरचे अनेक धनगर कळप घेऊन कोकणाकडे निघतात व पावसाळ्यापूर्वी परततात. वाटेत शेतकरी त्यांच्या मेंढ्या आपल्या शेतात बसवून घेतात, कारण लेंड्यांचे खत शेताला मिळते. अशा तळावर राखणीची कुत्री असतात. पुणे-सोलापुराकडील माळांवर आजही लांडगे आहेत. त्यामुळे परका कुत्रा जवळ आलेला या राखणदारांना मुळीच खपत नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. मोत्याला घेऊन तळाजवळून जावयाचे झाले की मी आता दुरूनच थांबतो आणि "ओ पाव्हणं, जाऊ का?" अशी हाळी देतो. धनगर उठतो, आपल्या कुत्र्यांना नावाने हाका मारून पायाशी बसवितो आणि हाताने वाट दाखवितो. ती वाट सहसा लांबचीच असते, बांधाच्या पलीकडून जाणारी.