घोडा हलवा, पण हिशोब चुकता करून

माल आणायला मुंबईला जाणाऱ्या आपल्या वसई-विरारच्या व्यापाऱ्यांना महालक्ष्मी स्टेशन चांगले ठाऊक आहे. एका बाजूला धोबीघाट, दुसऱ्या बाजूला रेसकोर्सचे मैदान. आपला धंदा कपड्याचा, म्हणून आपली नजर धोबीघाटाकडे जाते. मैदानाकडे आपण पाहत नाही. तिथे घोड्यांवर पैसे लावले जातात, तो जुगार आहे आणि हराम आहे, यात दोन मते नाहीत. हा लेख त्या जुगाराविषयी नाही. पण त्याच मैदानाच्या आडोशाला तबेले आहेत, तबेल्यात मेहनत करणारी माणसे आहेत, आणि मालक व हुन्नरी माणूस यांच्यातला एक व्यवहार तिथे रोज चालतो. तो व्यवहार हुबेहूब आपल्या धंद्यासारखा आहे. त्यातून शिकण्यासारखे बरेच आहे.

माल एकाचा, हुन्नर दुसऱ्याचा

मुंबई आणि पुण्याच्या शर्यती रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब चालवतो. या क्लबची सुरुवात १८०२ ची आणि महालक्ष्मीचे मैदान १८८३ चे. हिवाळ्यात शर्यती मुंबईत, पावसाळ्यात पुण्यात, असा तिथला रिवाज. घोड्याचा मालक कोणी उद्योगपती, कोणी व्यापारी, कोणी जुन्या संस्थानिक घराण्यातला. तो स्वतः घोडा पाळत नाही. क्लबचा परवाना असलेल्या ट्रेनरच्या हवाली करतो. दाणा-चारा, सईसाचा पगार आणि तालीम यासाठी दर महिन्याला ठरलेली रक्कम मालक देतो. डॉक्टर आणि नालबंदाचा खर्चही त्याच्याच अंगावर. घोडा जिंकला तर इनामाच्या रकमेत ट्रेनरचा हिस्सा असतो.

आपल्या भाषेत याला जॉबवर्क म्हणतात. ताका आपला, शिलाई कारखानदाराची. ग्रे कापड आपले, रंग प्रोसेसवाल्याचा. आणि जॉबवर्कमध्ये जो प्रश्न कायम उभा राहतो तोच तिथेही आहे. मनासारखे काम होत नसेल तर माल उचलून दुसऱ्याकडे न्यायचा का? न्यायचा तर कसा?

मालकाला तो हक्क आहे, यात वाद नाही. घोडा त्याचा, पैसा त्याचा. कधी घोडा सतत मागे पडतो, कधी महिन्याचे बिल जास्त वाटते, कधी ट्रेनर दुसऱ्या मालकाच्या घोड्यांकडे अधिक लक्ष देतो असा संशय येतो. पुष्कळदा कारण त्याहून साधे असते. ट्रेनर नीट बोलत नाही, काय चालले आहे ते सांगत नाही. मग एक दिवस मालक घोडा काढून दुसऱ्या तबेल्यात नेतो.

सईसाचे म्हणणे

आमच्या दुकानाचे एक जुने गिऱ्हाईक तबेल्यात सईस आहेत. घर नालासोपाऱ्यात, पण राहणे घोड्यांजवळच. सुट्टी मिळाली की घरी येतात आणि मुलांच्या कपड्यासाठी दुकानात बसतात. मी त्यांना चाचा म्हणतो. एकदा विचारले, "चाचा, घोडा दुसऱ्याकडे गेला की काय होते?"

ते म्हणाले, "सेठ, घोडा एका दिवसात जातो, पण त्याची माहिती त्याच्याबरोबर जात नाही. कोणत्या पायाला पूर्वी सूज होती, कोणता दाणा सोसत नाही, कोणत्या आवाजाला बिचकतो, हे सईसाला आणि ट्रेनरला माहीत. मालक भांडून गेला तर हे कोणी सांगत नाही. मग नव्या माणसाला सगळे पहिल्यापासून शिकावे लागते, आणि त्याची किंमत घोडा देतो."

थोडे थांबून पुढे म्हणाले, "आणि आमचा हात रिकामा होतो. सहा घोडे गेले तर दोन-तीन सईसांना काम उरत नाही. मालक ट्रेनरवर रागावतो, भाकरी आमची जाते."

ही शेवटची गोष्ट माझ्या मनात राहिली. आपण एका कारखानदाराचे काम बंद करतो तेव्हा फक्त त्यालाच पाहतो. त्याच्या मशीनवर बसलेले आठ-दहा कारागीर आपल्या वहीत कुठेच नसतात.

आगा खान यांचा दाखला

या मामल्यातला सर्वांत गाजलेला दाखला आपल्या ओळखीच्या घराण्याचा आहे. तिसरे आगा खान सर सुलतान मुहम्मद शाह यांचा जन्म १८७७ चा, कराचीचा. बालपण मुंबई-पुण्यात गेले. पुण्याचा आगा खान पॅलेस त्यांनीच बांधला. घोड्यांचा शौक घराण्यातच होता. पुढे इंग्लंडमध्ये त्यांनी मोठा तबेला उभा केला आणि तालमीचे काम रिचर्ड डॉसन या ट्रेनरकडे दिले. १९३० साली त्यांच्या ब्लेनहाइम या घोड्याने तिथली डर्बी जिंकली, ती डॉसन यांच्या तालमीत.

पुढच्याच वर्षी, १९३१ च्या अखेरीस, दोघांचे बिनसले. आगा खान यांनी घोडे काढून फ्रँक बटर्स यांच्याकडे दिले. बटर्स यांचे लॉर्ड डर्बी यांच्याकडील काम १९३० मध्ये सुटले होते. एकाची रोजी गेली, दुसऱ्याची उघडली. बटर्स हुशार होते. १९३२ च्या सेंट लेजर शर्यतीत आगा खान यांचा फिरदौसी पहिला आला आणि दस्तूर दुसरा. १९३५ मध्ये बहरामने तिथल्या तिन्ही मोठ्या शर्यती जिंकल्या आणि आयुष्यात एकही शर्यत न हरता तो निवृत्त झाला. १९३६ ची डर्बी महमूदने जिंकली.

लोक म्हणाले, बदल फळला. खरेच फळला. पण हिशोबाची दुसरी बाजूही वाचली पाहिजे. फिरदौसी आणि दस्तूर यांची पहिली तालीम डॉसन यांच्याच तबेल्यात झाली होती. बहरामचा बाप ब्लँडफर्ड हा घोडा तर डॉसन बंधूंच्याच मालकीचा. महमूदचा बाप ब्लेनहाइम, आणि त्याला तयार करणारेही डॉसनच. नव्या माणसाने जे पीक कापले त्यातले बरेचसे जुन्याने पेरले होते. नव्याची हुशारी कमी नाही, पण जुन्याचा वाटा विसरणे हा चुकीचा हिशोब आहे.

त्याच घराण्याचा दुसरा दाखला त्यांचे नातू चौथे आगा खान करीम यांचा. १९८९ मध्ये त्यांच्या अलीसा या घोडीने ओक्स ही मोठी शर्यत जिंकली. नंतर तपासणीत कापराचा अंश आढळला असे ठरले आणि १९९० मध्ये तिचा विजय रद्द झाला. आगा खान यांना ती तपासणीच मान्य नव्हती. त्यांनी ब्रिटनमधील आपले घोडे हलवून आयर्लंड आणि फ्रान्सला नेले. मायकेल स्टाऊट आणि लुका कुमानी या दोन ट्रेनरांचे तबेले एका फटक्यात रिकामे झाले. पण मालकाचे भांडण शर्यतीच्या कारभाऱ्यांशी होते, ट्रेनरांशी नव्हते, आणि ते उघड सांगितले गेले. म्हणून काही वर्षांनी राग शमला तेव्हा परतीचा रस्ता मोकळा होता. २००० साली स्टाऊट यांच्याच तालमीत आगा खान यांच्या कलानिसी या घोड्याने मोठ्या शर्यती जिंकल्या. जाताना दार आदळले नाही, म्हणून येताना ठोठावता आले.

माझी स्वतःची चूक

आता दुसऱ्यांचे पुरे, माझे सांगतो. नालासोपारा पूर्वेला एक कारखानदार नऊ वर्षे माझे कुर्ते शिवत होता. २०१९ च्या रमजानआधी वसईच्या औद्योगिक भागातल्या एका गाळ्यातून मला नगामागे तीन रुपये कमी भाव आला. चार हजार नग होते. बारा हजार वाचतील म्हणून मी काम उचलले. जुन्या माणसाला कारण सांगितले नाही. त्याचे एकेचाळीस हजार माझ्याकडे बाकी होते. "हिशोब ईदनंतर बघू," एवढेच बोललो.

नव्या माणसाने काम वेळेवर दिले. पण ईद झाल्यावर गिऱ्हाईक परत येऊ लागले. पहिल्या धुण्यातच कुर्ता आटत होता. जुना कारखानदार ते सुती कापड कटिंगच्या आधी पाण्यातून काढून वाळवत असे. मला ते माहीतही नव्हते, कारण नऊ वर्षांत मी कधी विचारलेच नव्हते. सहाशे नग परत घ्यावे लागले. नगामागे ऐंशी रुपये तोटा धरला तरी अठ्ठेचाळीस हजार गेले. बारा हजार वाचवायला निघालो होतो.

दोष नव्याचा नव्हता, जुन्याचाही नव्हता. माझा होता. चाचांचे बोलणे तेव्हा नीट समजले. एकेचाळीस हजार घेऊन मी जुन्या कारखान्यात गेलो. दोन मशीन बंद होत्या. काम नाही म्हणून तीन कारागीर गावी परतले होते. मी माफी मागितली. त्याने पैसे मोजून घेतले, चहा मागवला आणि माझ्या मापांचे कागदी फर्मे कपाटातून काढून माझ्या हातात ठेवले. म्हणाला, "भाई, हे तुमचेच आहेत. पैसे थकवले नसते तर त्याच दिवशी दिले असते, आणि कापडाचेही सांगितले असते." त्या तीन कारागिरांचे नुकसान मात्र मला भरून देता आले नाही.

आज माझे निम्मे काम त्याच्याकडे आहे, निम्मे दुसरीकडे. एकाच माणसावर धंदा टांगू नये, हेही खरेच.

बांधवांनो, बदल करणे गुन्हा नाही. पण आधी समोर बसून बोला. अर्धी भांडणे तिथेच मिटतात. बदल करायचाच असेल तर चालू लॉट पूर्ण होऊ द्या आणि महिनाभर आधी सांगा, म्हणजे त्याला कारागिरांची सोय लावता येईल. माल उचलण्याच्या दिवशी बाकी चुकती करा आणि दोघांच्या सहीने कागद करा. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी सूरह बकराची २८२ वी आयत आहे, आणि ती कुरआनातील सर्वांत लांब आयत आहे. कापडाची, मापाची, रंगाची जी माहिती जुन्याकडे आहे ती मागून घ्या, आणि मिळाली तर शुक्रिया म्हणा.

कारागीर बांधवांनाही एक अर्ज आहे. काम गेले म्हणून दुसऱ्याचा फर्मा किंवा नमुना अडवून ठेवू नका. तो अमानत आहे. आणि मालकाला आपल्या कामातली खुबी सांगत जा. तुम्ही कापड पाण्यातून काढता हे त्याला ठाऊकच नसेल, तर तीन रुपये जास्त का द्यायचे हे त्याला कसे कळणार?