'कोसला' : खानदेशच्या एका मुलाची कथा

कादंबरी वाचणें म्हणजे अभ्यासाचा वेळ दवडणें, अशी पुष्कळ पालकांची समजूत असते. ती सर्वस्वीं खोटी नाहीं. परंतु जी वाचून बाप व मुलगा या दोघांसही एकमेकांची ओळख पटेल, त्या कादंबरीस हा नियम लावूं नये. 'कोसला' ही अशी एक कादंबरी होय.

तिचे कर्ते श्री. भालचंद्र नेमाडे यांचा जन्म १९३८ सालीं आपल्या जळगांव जिल्ह्यांत, यावल तालुक्यांतील सांगवी या गांवीं झाला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत ते शिकले व कांहीं काळ त्यांनीं धुळें येथें अध्यापनही केलें. ऐन पंचविशींत लिहिलेली ही कादंबरी १९६३ सालीं पुण्याच्या देशमुख आणि कंपनीनें प्रसिद्ध केली. पुढें २०१४ सालच्या ज्ञानपीठ पुरस्काराचा मान त्यांस मिळाला. कोसला म्हणजे किड्याचा कोश. अळी जशी स्वतःभोंवतीं धागा गुंडाळते, तसा वयांत येणारा मुलगा आपल्याच विचारांत स्वतःस कोंडून घेतो, हें या नांवांतून सुचतें.

कथानायक पांडुरंग सांगवीकर हा सधन शेतकऱ्याचा मुलगा. तो पुण्यास शिकावयास जातो, वसतिगृहांत राहतो, मित्रांवर सढळ हातानें खर्च करतो, नसत्या कारभारांत पुढाकार घेतो. आणि बापाचा पैसा व परीक्षेंतील यश या दोहोंसही ओहोटी लागते. हें सारें तो स्वतःच अशा खट्याळपणें सांगतो कीं हंसूं आवरत नाहीं. 'उदाहरणार्थ' व 'वगैरे' हे आपल्या निबंधांतील भारदस्त शब्द तो भलत्याच ठिकाणीं पेरतो, आणि मोठमोठ्या गोष्टींचा डौल क्षणांत उतरतो. अमेरिकेंतील सॅलिंजर यांच्या १९५१ सालच्या 'द कॅचर इन द राय' या कादंबरीशीं तिची तुलना टीकाकारांनीं केली आहे. परंतु पांडुरंगाचें घर, गांव आणि बोलणें हीं अस्सल इकडचीं आहेत.

मात्र हंसतां हंसतां वाचक एके ठिकाणीं थबकतो. पांडुरंगाची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगानें दगावते. तेथें कळून येतें कीं, इतका वेळ चाललेली थट्टा उथळ नव्हती. एकटेपणावर घातलेलें तें पांघरूण होतें. अखेर शहराचा निरोप घेऊन तो गांवीं परततो.

विद्यार्थी मित्रहो, परगांवीं शिकावयास गेलांत तर घरच्या पत्रांत केवळ पैशांची मागणी लिहूं नका. मनांतलेंही चार शब्द लिहा. आणि पालकांनीं, सुट्टींत आलेला मुलगा सदोदित थट्टाच करूं लागला, तर रागें भरण्यापूर्वीं त्यास जवळ बसवून घ्यावें.