गाण्यासाठी वेगळी लाइन घ्या, पण अर्थिंग तोडू नका

आम्हा वडगाव निंबाळकरच्या दुकानदारांचे खाली दुकान, वर घर. शिलाई मशीनची मोटर, फ्रिज आणि ॲम्प्लिफायर एकाच लाइनवर असले की स्पीकरमध्ये खटखट होते. मेन बोर्डापासून २.५ चौरस मि.मी. तांब्याची वेगळी वायर ओढून १६ अँपिअरचा एमसीबी बसविला की ती बरीच कमी होते. टीव्ही, ॲम्प्लिफायर एकाच बोर्डावर लावावेत. दोन ठिकाणचे अर्थिंग जुळले की घुरघुर सुरू होते. त्यावर अर्थिंगची पिन काढण्याचा सल्ला आम्हालाही मिळाला होता. आम्ही तो मानला नाही. २३० व्होल्टचा करंट पत्र्याच्या पेटीत उतरला तर अर्थिंगच वाचविते. सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी जरूर बसवावा. बंधूंनो, आवाज साफ करताना घरच्यांचा जीव गहाण टाकू नका.