सहलीत एकच प्रश्न विचारा: पाणी आलं कुठून?

हार्बर लाईनला उभ्यानं प्रवास करत ऐकणाऱ्यांसाठी ऑडिओ आहेच. ज्यांना वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून काढलाय. बोलताना जास्तीचे आलेले 'म्हणजे' आणि 'तर' उडवलेत, बाकी तसंच ठेवलंय.

आजचा विषय शाळेची सहल. सहावी ते आठवीच्या मुलांची, छत्रपती संभाजीनगरची. डिसेंबर-जानेवारीत नवी मुंबईतून अशा कितीतरी बस तिकडे निघतात. माझी भाची सातवीत आहे. तिच्या वर्गाच्या ग्रुपवर आलेलं वेळापत्रक मी पाहिलं. दोन दिवस आणि आठ ठिकाणं: अजिंठा, वेरूळ, घृष्णेश्वर, दौलताबाद, खुलताबाद, बीबी का मकबरा, पाणचक्की आणि शेवटी हिमरूची खरेदी. पाणचक्कीच्या वाट्याला वीस मिनिटं.

त्या वीस मिनिटांत मुलं काय करणार? हौदातले मासे बघणार, सेल्फी काढणार, बसमध्ये बसणार. त्यात मुलांचा काही दोष नाही. त्यांच्या हातात ठिकाणांची यादी दिलीय, प्रश्न दिलेलाच नाही. माझं म्हणणं एवढंच: या शहरात जाताना एकच प्रश्न सोबत न्या. इथे पाणी आलं कुठून?

हा प्रश्न याच शहराला का?

कारण हे शहर मोठ्या नदीवर वसलेलं नाही. शेजारून वाहते ती छोटीशी खाम नदी. गोदावरी आहे ती पैठणला, पन्नासेक किलोमीटर दक्षिणेला. तरीही 1610 मध्ये मलिक अंबरनं इथल्या खडकी गावाला राजधानीचं शहर बनवलं. हा माणूस मूळचा इथिओपियाचा. गुलाम म्हणून विकला गेला, दख्खनमध्ये आला आणि निजामशाहीचा सर्वेसर्वा झाला. त्यानं बांधलेला भडकल दरवाजा आजही उभा आहे. पुढे त्याच्या मुलानं शहराचं नाव फतेहनगर केलं, मग 1653 मध्ये औरंगाबाद झालं आणि 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगर.

नावं बदलत गेली, पण राजधानी म्हटली की फौज आली, घोडे आले, बाजार आला. या सगळ्यांना रोज पाणी लागतं. पंप नाही, वीज नाही. मग?

उत्तर जमिनीखाली आहे

शहराच्या उत्तरेला डोंगर आहेत. पावसाचं पाणी तिथे मुरतं. आपल्या सह्याद्रीसारखाच तिथला खडकही बेसाल्ट, म्हणजे काळा पाषाण. वरचा थर झिजलेला आणि भेगाळलेला असतो, तो पाणी धरून ठेवतो. खालचा थर घट्ट असतो, तो पाणी सहज खाली जाऊ देत नाही. मलिक अंबरच्या माणसांनी डोंगराच्या पायथ्याशी हे मुरलेलं पाणी जमिनीखालच्या मार्गात गोळा केलं आणि अगदी हलका उतार देत शहरात आणलं. हीच ती नहर-ए-अंबरी. त्यानंतरच्या काळात अशा आणखी नहरी झाल्या. याच जातीची भुयारी व्यवस्था इराणमध्ये आहे, बीदरला आहे, बुऱ्हाणपूरलाही आहे.

जमिनीखालूनच का? उन्हानं पाणी उडून जात नाही, घाण पडत नाही आणि शत्रूला मार्ग सहजी दिसत नाही.

पाणी वर कसं चढतं?

आता पाणचक्कीकडे येऊ. ही अठराव्या शतकातली, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी कित्येक किलोमीटरवरून भाजलेल्या मातीच्या नळांनी इथे येतं. गंमत अशी की इथे ते जमिनीतून एका उंच भिंतीवर चढतं आणि तिथून हौदात कोसळतं. मुलांना हे जादूसारखं वाटतं. आपल्यालाही वाटतं.

जादू वगैरे काही नाही. घराचं काम चालू असताना गवंडी काय करतो ते आठवा. पारदर्शक नळीत पाणी भरतो, एक टोक या भिंतीला धरतो, दुसरं त्या भिंतीला. नळी मधे कितीही लोंबू दे, दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीला थांबतं. आता एक टोक थोडं खाली आणा. त्या टोकातून पाणी बाहेर यायला लागेल. पाणचक्कीचा नळ म्हणजे हीच नळी, काही किलोमीटर लांबीची. झरा उंचावर, नळ मधे खाली उतरलेला आणि भिंतीचा माथा झऱ्याच्या पातळीपेक्षा खाली. म्हणून पाणी आपणहून भिंत चढतं.

अडचणी दोन. पहिली दाबाची: पाण्याचा नळ दहा मीटर खाली उतरला की साधारण एका वातावरणाएवढा दाब वाढतो. मातीचा नळ असा किती दाब सोसणार? दुसरी हवेची: नळात हवा अडकली की प्रवाह मंदावतो किंवा थांबतो. म्हणून या जुन्या व्यवस्थांमध्ये वाटेत ठिकठिकाणी उघडे मनोरे आणि झडपांसारखी तोंडं ठेवलेली असत. तिथे दाब मोकळा होई, हवा बाहेर पडे आणि गाळही काढता येई. आम्ही सॉफ्टवेअरवाले मोठ्या सिस्टीममध्ये जागोजागी लॉग ठेवतो, म्हणजे बिघाड नेमका कुठे झाला ते कळतं. हेही तसंच.

आणि चक्की? हौदातलं पाणी जोरानं खाली सोडलं की ते पात्यांवर आदळतं, दांडा फिरतो आणि वरचं जातं फिरतं. या पिठाच्या भाकऱ्या दर्ग्यातल्या फकिरांना आणि वाटसरूंना मिळत. मुलांना एक गोष्ट आवर्जून दाखवा: हौदाखाली एक दालन आहे. हौदाचा तळ म्हणजे त्या दालनाचं छप्पर. उन्हाळ्यात ते गार राहतं, लाईट बिल शून्य!

मग आज तिथे पाणी मुबलक असेल ना?

नाही, आणि खरा धडा इथेच आहे. आज शहराची मुख्य भिस्त पैठणच्या जायकवाडी धरणावर आहे. पैठण खाली, शहर वर. जुन्या नहरींचं पाणी डोंगरातून उतारानं यायचं, आजचं पाणी पंपानं चढवावं लागतं. वीज गेली किंवा जलवाहिनी फुटली की शहर कोरडं. अनेक वस्त्यांमध्ये कित्येक वर्षं नळाला काही दिवसांआड पाणी येत आलंय. तिकडे जुन्या नहरी बांधकामांखाली गाडल्या गेल्या, फुटल्या, गाळानं भरल्या.

'पूर्वीचे लोकच हुशार' असा निष्कर्ष मात्र काढू नका. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 11 लाखांच्या वर होती. नहरी एवढ्या लोकांना कधीच पुरल्या नसत्या. पण चालू नहरीतून बागा, धुणंभांडी आणि आसपासच्या वस्त्या एवढं तरी नक्की भागलं असतं.

आता हे आपल्याकडे लावून बघा. नवी मुंबई कागदावर आखलेलं शहर. सिडको 1970 ची. आपल्या महापालिकेकडे स्वतःचं मोरबे धरण आहे, खालापूरजवळ. तिथलं पाणी भोकरपाड्याला शुद्ध होऊन शहराच्या बऱ्याच भागाला मिळतं. आपल्या वर्गातल्या किती मुलांना हे माहीत आहे?

सहल आखणार असाल तर

अजिंठा सोडा. शहरापासून ते सुमारे 100 किलोमीटर आहे, त्याला वेगळा दिवस हवा. एक दिवस वेरूळ आणि दौलताबाद करा, दोन्ही एकाच रस्त्यावर आहेत. वेरूळला कैलास लेणं बघा. वरून खाली कोरत नेलेलं, तोच बेसाल्ट. दौलताबादला खंदक आणि हत्ती हौद बघा: किल्ल्याला वेढा पडला तर आतले लोक काय प्यायचे, हे मुलांनाच विचारा. दुसऱ्या दिवशी मकबरा आणि पाणचक्की. पाणचक्कीला वीस मिनिटं नाही, दीड तास.

वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत 15 वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. एसटीची शालेय सहलीला निम्म्या भाड्याची सवलत आहे, ती मागून घ्या. आणि निघण्याआधी वर्गात पारदर्शक नळीचा प्रयोग करा. खर्च पन्नास-शंभर रुपये.

आजचा गृहपाठ ऐकणाऱ्या सगळ्यांना: तुमच्या घरच्या नळाचं पाणी कुठल्या धरणातून येतं? गुगल न करता घरच्यांना विचारा आणि उत्तर व्हॉइस नोटनं पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवू. तोवर नळ नीट बंद करा, भेटूच!