स्वीडिश की चिनी?

वडवणीच्या मराठी शाळेत शिकलेल्याला स्वीडिश आणि चिनी यांतली सोपी कुठली? अमेरिकी परराष्ट्र खात्याची भाषा शिकवणारी संस्था चिनी शिकायला ८८ आठवडे धरते, स्वीडिशला निम्म्याहूनही कमी. पण तो हिशोब इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांचा. आपला वेगळा मांडायला हवा.

स्वीडिश मराठीची लांबची नातेवाईक. अक्षरं २९, लिंगं दोनच, आणि ‘आहे, आहेस, आहोत’ या सगळ्यांना एकच रूप. अडचण शब्दक्रमाची. क्रियापद दुसऱ्या जागी हवंच, म्हणून ‘आज मी जातो’ऐवजी ‘आज जातो मी’ म्हणावं लागतं. इंग्रजी येत असेल तर बाकी फारसं अडत नाही.

चिनीत क्रियापद चालवायचंच नसतं. शिवाय प-फ, त-थ, क-ख हा भेद, ज्यावर इंग्रजी माणूस घाम गाळतो, तो आपल्याला बाळपणापासून येतो. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा फरकही उत्तरेकडच्या चिनीत आहे! खरी कसोटी सुरांची. चिनी ‘माय’चा सूर खाली नेऊन वर उचलला तर अर्थ विकत घेणं, वरून झटक्यात खाली आणला तर विकणं. मोंढ्यात ही चूक महागात पडेल. त्यात वर्तमानपत्र वाचायला तीनेक हजार चिन्हं घोटावी लागतात. इथे पाठांतराला पर्याय नाही.

तरी सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८मध्ये चीनला गेले आणि तिथेच ती भाषा शिकले. रोज चिनी रुग्णांशीच बोलायचं, तर दुसरा इलाज काय? बोलणं आधी, चिन्हं मागाहून, हाच क्रम मला नवशिक्यासाठी बरा वाटतो.