दोन सिझेरियननंतर नॉर्मल बाळंतपण? आधी हे विचारा

‘एकदा सिझर म्हणजे कायम सिझर’ हे आता जुनं झालं. ब्रिटनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजची २०१५ ची मार्गदर्शिका दोन सिझेरियन झालेल्या बाईलाही, ज्येष्ठ डॉक्टरांशी सविस्तर बोलणं झाल्यावर, नॉर्मल बाळंतपणाचा पर्याय देता येतो असं सांगते. प्रयत्न करणाऱ्या १०० जणींपैकी साधारण ७० जणींना यश येतं. गर्भाशयाचा जुना टाका उसवण्याचा धोका मात्र एका सिझेरियननंतर २०० त एक असतो, तो दोननंतर १०० त एकीहून थोडा जास्त होतो. तसं झालं तर आई-बाळाच्या जिवावर बेतू शकतं.

म्हणून पहिल्यांदा जुन्या फायली काढा. पोटावरचा आडवा व्रण पाहून आतला छेद कळत नाही. तो ऑपरेशनच्या नोंदीतच सापडतो. गर्भाशयाच्या वरच्या भागात उभा छेद असेल, तर हा विचार सोडावा.

डॉक्टरांना संकोच न करता विचारा: अशी किती बाळंतपणं तुम्ही केलीत? रात्री दोन वाजता भूलतज्ज्ञ मिळतील का? रक्ताची सोय? बाळाचे ठोके सतत पाहिले जातील ना? उत्तरं गुळमुळीत वाटली, तर वेळ हाताशी असतानाच दुसरं मत घ्या. ऑपरेशनची सोय नसलेल्या ठिकाणी हा प्रयत्न करूच नका.