बालिल्ला, नाशिक आणि सिद्धगड

मुंबईहून नाशिकला जाणारी गाडी शहापूर तालुक्यातून आसनगाव, कसारा करत थळ घाट चढते. घाटापलीकडे नाशकात १९३७ साली भोंसला मिलिटरी स्कूल सुरू झाले. त्यामागच्या कल्पनेचा एक धागा रोमपर्यंत पोचतो, हे वाचून आजही नवल वाटते.

शाळेचे संस्थापक डॉ. बा. शि. मुंजे हे नागपूरचे नेत्रवैद्य आणि हिंदू महासभेचे पुढारी. पहिल्या गोलमेज परिषदेहून परतताना मार्च १९३१ मध्ये ते इटलीत थांबले. १९ तारखेला तिथला हुकूमशहा मुसोलिनीला भेटले. त्याच मुक्कामात त्यांनी ‘बालिल्ला’ ही मुलांची संघटना पाहिली आणि ते भारावून गेले.

१७४६ मध्ये जिनोआत ऑस्ट्रियन सैनिकांवर दगड भिरकावणाऱ्या पोराचे टोपणनाव बालिल्ला. १९२६ मध्ये इटलीच्या सरकारने बालसंघटनेला तेच नाव दिले. आठ ते चौदा वर्षांची मुले बालिल्ला, त्यापुढे अठरापर्यंतची अवांग्वार्दिस्ती. मुलींच्या शाखा वेगळ्या. काळा सदरा, संचलन, कवायत, खेळ, शिबिरे. शाळांतले शारीरिक शिक्षणही हळूहळू तिच्याच हाती गेले आणि शिक्षक घडवायला रोममध्ये खास अकादमी निघाली. खरी मेख पुढे आहे. १९२८ मध्ये कॅथलिक स्काउट पथकेही बंद पाडली गेली. मुलाने व्यायाम करायचा तो सरकारच्याच अंगणात, आणि तोही ‘दूचे’च्या, म्हणजे मुसोलिनीच्या, जयजयकारासह.

ब्रिटिशांनी काही जातींवर ‘लढवय्या नाहीत’ असा शिक्का मारून त्यांना सैन्याबाहेर ठेवले होते, ही मुंज्यांची तक्रार रास्त होती. पण शिस्त पाहताना ती कोणासाठी राबते, हे त्यांनी पाहिले नाही, असे माझे मत आहे.

शारीरिक शिक्षणाची दुसरी वाटही नाशिकची शाळा निघाली त्याच साली निघाली. ठाणे जिल्हा ज्या मुंबई इलाख्यात होता, तिथल्या सरकारने १९३७ मध्ये शारीरिक शिक्षणासाठी समिती नेमली आणि अध्यक्ष केले लोणावळ्याच्या कैवल्यधामचे स्वामी कुवलयानंद यांना. १९३८ मध्ये कांदिवलीत व्यायामशिक्षकांचे प्रशिक्षण सुरू झाले. इथे हुकूमशहाची शपथ नव्हती.

जुलै १९४३ मध्ये मुसोलिनीची सत्ता कोसळली. त्याच वर्षी २ जानेवारीला ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या जंगलात स्वातंत्र्यलढ्यातल्या एका भूमिगत पथकाचे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इंग्रज सरकारच्या पोलिसांशी झालेल्या चकमकीत हुतात्मा झाले होते. त्यांच्या पथकामागे कोणतेही सरकार नव्हते. दर २ जानेवारीला सिद्धगडावर त्यांना मानवंदना दिली जाते.